जखमी पडला की बॉल बाहेर काढायचा, ही रीत ठेवायची की मोडायची?

पोलोग्राउंड_लेफ्टबॅक

नमस्कार मंडळी, धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

रविवारी इथे बडोद्यात अंडर-१५ च्या मॅचला जुंपली. निळ्यांचा एक पोरगा घोटा धरून खाली बसला, पिवळ्यांनी गुमान बॉल बाहेर मारला, पोरगा उठला, पाणी प्यायला, थ्रो निळ्यांचा, आणि त्यांनी बॉल परत द्यायचा सोडून सरळ विंगवरून पळवला आणि गोल. पिवळ्यांची पोरं हात वर करून उभीच. मग नेहमीप्रमाणे आईबाप लाइनच्या आत. निळ्यांचे एक पप्पा म्हणाले, "रूलबुकमां क्यां लख्युं छे के पाछो आपवानो?" आणि पंचाईत ही की माणूस बरोबर बोलतोय, नाहीच लिहिलेलं.

माझं मत आता असं झालंय की ही रीत बंदच करावी. प्रोफेशनल फुटबॉल बघा जरा, ८५ व्या मिनिटाला नेहमी लीडवर असलेल्याच टीमचा माणूस कसा काय पडतो हो? समोरच्याचा अटॅक चालू असला की याला पेटका येतो, आणि बॉल बाहेर गेला रे गेला की टुणकन उभा. फतेहगंज सर्कलला एकाने थांबून वाट दिली की त्या फटीतून मागचे तिघे घुसतात, तशातली गत. सज्जनपणा करणाऱ्याचंच नुकसान.

आणि २०१२ चं चॅम्पियन्स लीगचं आठवतंय का, शाख्तार वि. नोर्डशेलांड? नोर्डशेलांड १-० ने पुढे, एक जण जखमी, खेळ थांबला, ड्रॉप बॉल झाला (रेफरी बॉल खाली टाकून खेळ परत सुरू करतो तो), शाख्तारच्या विलियनने रीतीप्रमाणे बॉल समोरच्या गोलकीपरकडे ढकलून दिला, आणि त्याच्याच टीमचा लुईझ ॲड्रियानो मधून धावत गेला, कीपरला चुकवलं आणि गोल! रेफरीने दिला पण, कारण नियमात बसत होता. मॅच शाख्तार ५-२ जिंकली, ॲड्रियानोची हॅटट्रिक. यूएफाने (युरोपच्या फुटबॉल संघटनेने) नंतर एका मॅचची बंदी घातली, बास. गोल काही परत गेला नाही.

तर म्हणणं काय, शिट्टी वाजेपर्यंत खेळा, थांबवायचं काम रेफरीचं. बोला.

ऑफसाइड_आजोबा

लेफ्टबॅक, चीड समजते तुमची. पण पाच जण सोंग घेतात म्हणून खरोखर पडलेल्या सहाव्याला तुडवून पुढे जायचं, हे काही पटत नाही बुवा.

डिसेंबर २०००, गुडिसन पार्क, एव्हर्टन वि. वेस्ट हॅम, १-१, मॅच संपत आलेली. एव्हर्टनचा कीपर पॉल जेरार्ड बॉक्सबाहेर गुडघा धरून पडलाय, क्रॉस येतोय, जाळी रिकामी. पाओलो दी कानिओने काय केलं? बॉल हातात झेलला आणि कीपरकडे बोट दाखवलं. एव्हर्टनचं पब्लिक उभं राहून टाळ्या वाजवत होतं, म्हणजे ज्यांच्यावर गोल होणार होता ते! फिफाचं २००१ चं फेअर प्ले अवॉर्ड त्यालाच मिळालं.

आम्ही लहानपणी दांडिया बाजारात जुम्मादादा व्यायाम मंदिरात जायचो, तिथे हुतूतूत अंगाला हात लागला की पोरगा पंचाकडे न बघता आपण होऊन बाहेर जाऊन बसे. हुतूतूला शिस्त लागली तीही आपल्याच गावात बरं का, हिंद विजय जिमखान्याने १९२३ साली सुधारलेल्या नियमांनी अखिल भारतीय स्पर्धा भरवली होती. असो, विषयांतर होतंय.

मांजलपूरचा_मालदिनी

आजोबा दंडवत, पण दी कानिओला देव्हाऱ्यात बसवू नका प्लीज. त्याच्या दोनच वर्षं आधी, सप्टेंबर १९९८, हा शेफील्ड वेन्सडेला होता, आर्सेनलविरुद्ध रेड कार्ड मिळालं म्हणून रेफरी पॉल अल्कॉकला दोन्ही हातांनी ढकललं, तो बिचारा मागे मागे जात शेवटी बसकण मारून पडला. ११ मॅचची बंदी झाली होती या तुमच्या फेअर प्लेवाल्याला.

आणि हुतूतूचं म्हणाल तर माझे बाबा पण त्याच आखाड्यातले, "लागला" "नाही लागला" वरून हमरीतुमरी व्हायची ती गोष्ट ते हसून हसून सांगतात. उगाच आमच्या वेळी आमच्या वेळी नको.

माझं ऑब्जर्वेशन असं आहे की फेअर प्ले तेव्हाच सुचतो जेव्हा खिशातून काही जात नसतं. मिड टेबल मॅच, सीझनचा अर्धा, मग काय जातंय, पकडा बॉल हातात. वर्ल्ड कप फायनलला पकडून दाखवा. मला एक उदाहरण द्या जिथे खरोखर किंमत मोजली.

शिट्टीवाला

रविवारी मी नव्हतो त्या मॅचला, आधीच सांगतो नाहीतर माझ्या नावाने शिव्या सुरू होतील 😀

नियमाचं बोलतो फक्त. किरकोळ लागलं असेल तर बॉल बाहेर जाईपर्यंत खेळ चालू ठेवायचा, गंभीर दिसलं तर ताबडतोब थांबवायचं, हे रेफरीच्या अधिकारात स्पष्ट आहे. खेळाडूंनी बॉल बाहेर मारावा असं कुठेही नाही, परत द्यावा असंही नाही. म्हणजे पप्पा कायद्याने बरोबर.

पण लेफ्टबॅकभाईंनी शाख्तारचं जे सांगितलं ते आता तसंच्या तसं होणार नाही. २०१९ पासून ड्रॉप बॉल दोघांत टाकत नाहीत, एकाच टीमच्या एका खेळाडूला देतात, बाकी सगळे, त्याच्या टीमचे पण, किमान ४ मीटर लांब. खेळ बॉक्समध्ये थांबला असेल तर बचाव करणाऱ्या टीमच्या कीपरलाच. म्हणजे "परत द्या हो" म्हणून विनवायची वेळच येऊ नये. बॉल ज्याचा त्याला. मला विचाराल तर गेल्या काही वर्षांतला सगळ्यात शहाणा बदल, आणि त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही.

थ्रो-इनला मात्र हे लागू नाही. तिथे अजून माणसाच्या नीतीवरच सगळं.

रावपुरा_रेड्स

लिव्हरपूलवाला असल्याने हे टाकणं भाग आहे. मार्च १९९७, हायबरी, आर्सेनल वि. लिव्हरपूल. रॉबी फाउलर बॉक्समध्ये पडला, रेफरीने पेनल्टी दिली, आणि फाउलर उठून हात हलवत रेफरीला सांगतोय की नाही नाही, कीपर सीमनने मला हातही लावला नाही. रेफरी ऐकेना. मग त्यानेच पेनल्टी घेतली, सीमनने अडवली, रिबाउंडवर मॅकाटीरने गोल मारला. आम्ही २-१ जिंकलो. युएफाने फेअर प्लेसाठी गौरव केला त्याचा.

गंमत म्हणजे फाउलरने नंतर स्वतःच सांगितलं की मी मुद्दाम वगैरे चुकवली नव्हती, वाईट मारली इतकंच. हा प्रामाणिकपणा मला आधीच्या प्रामाणिकपणापेक्षा जास्त आवडतो.

मांजलपूरचा_मालदिनी

म्हणजे गोल पण मिळाला, मॅच पण मिळाली आणि अवॉर्ड पण. हेच म्हणतोय मी 😂

स्मिता_अकोटा

मालदिनी, तुम्हाला किंमत मोजलेलं हवंय ना, घ्या.

२००३, हाँगकाँगमधला कार्ल्सबर्ग कप, डेन्मार्क वि. इराण. गॅलरीतून कोणीतरी शिट्टी वाजवली, इराणच्या डिफेंडरला वाटलं रेफरीने हाफटाइम केला, त्याने बॉक्समध्येच बॉल हातात उचलला. रेफरीला पेनल्टी देण्यावाचून इलाज नाही. डेन्मार्कचा कॅप्टन मोर्टन वीगहोर्स्ट बेंचपाशी गेला, कोच मोर्टन ओल्सनशी बोलला, परत आला आणि शांतपणे पेनल्टी बाहेर मारली. डेन्मार्क ती मॅच ०-१ हरलं. हो, हरलं.

आता मला जे खरं बोलायचंय ते. माझी मुलगी अकोट्याला खेळते, त्यामुळे शनिवार रविवार मी साइडलाइनवरच असते आणि बघून बघून एक गोष्ट लक्षात आलीये. ज्या पोराच्या पायात बॉल आहे त्याच्याकडून त्या क्षणी नीती वगैरे अपेक्षा करणं चूक आहे. त्याच्याकडे दीड सेकंद असतो हो. वीगहोर्स्टला वेळ मिळाला, कारण पेनल्टी होती, तो चालत गेला, मोठ्याला विचारलं. आता लीड्स वि. ॲस्टन व्हिला बघा, २८ एप्रिल २०१९. व्हिलाचा कोजिया मैदानाच्या मध्ये पडलेला, लीड्सचा टायलर रॉबर्ट्स आधी थबकला, सगळ्यांना वाटलं काढतोय बाहेर, पण त्याने बॉल पुढे दिला आणि क्लिखने आत शिरून गोल मारला. मग धक्काबुक्की, कॉलर धरणं, सगळं. त्या गदारोळात लीड्सचा कोच मार्सेलो बिएल्सा साइडलाइनवरून ओरडतोय, द्या त्यांना गोल, गोल द्या. सेंटर झाली, व्हिलाचा अडोमा बॉल घेऊन निघाला, सगळे बाजूला झाले, एकटा लीड्सचाच पोंटुस यान्सन त्याच्या मागे धावत अडवायला बघतोय, त्याला ते पटलंच नव्हतं. १-१.

तिसरं, १९९९ चा एफए कप, आर्सेनल वि. शेफील्ड युनायटेड. हुबेहूब तुमच्या रविवारसारखं. शेफील्डच्या कीपरने जखमी माणसासाठी बॉल बाहेर काढला, पार्लरने थ्रो परत त्यांच्या दिशेने केला, आणि कानू, आर्सेनलसाठी पहिलीच मॅच, त्याने तो बॉल पळवला, ओव्हरमार्सला दिला, गोल. २-१. मॅच संपल्या संपल्या आर्सेनलचे कोच वेंगर म्हणाले की परत खेळूया, आणि खरंच परत खेळले, दहा दिवसांनी. निकाल पुन्हा २-१ च लागला ते सोडा.

तिन्हीकडे काय कॉमन आहे? गडबड खेळाडूंच्या पायात झाली आणि निस्तरली बाहेर उभ्या असलेल्या मोठ्या माणसाने. आपल्याकडे बाहेर उभं कोण असतं? कोच, पप्पा, मम्मी. आणि ते काय ओरडत असतात हे इथे लिहीत नाही.

म्हणून रीत मोडायची गरज नाही, रीत कोणाच्या गळ्यात घालायची ते ठरवा. माझ्या मते कोचच्या. थ्रो परत दिला नाही तर कोचनेच पोरांना थांबवून समोरच्यांना एक गोल देऊन टाकायचा, तिथल्या तिथे.

रावपुरा_रेड्स

ताई, जोरदार. बिएल्साला नंतर नुसती नावं ठेवली काही लोकांनी पण फिफाचं २०१९ चं फेअर प्ले अवॉर्ड त्याला आणि लीड्सला मिळालं.

मांजलपूरचा_मालदिनी

वीगहोर्स्टचं मान्य, ते मला माहीत नव्हतं. फ्रेंडली टाइप टूर्नामेंट होती म्हणून अर्धे मार्क कापतोय 😛

पण लीड्सचं पूर्ण सांगा ना ताई! आदल्याच दिवशी शेफील्ड युनायटेड जिंकली होती, म्हणजे लीड्सला थेट वरच्या प्रीमियर लीगमध्ये जायची आशा जवळजवळ संपलेलीच होती. आणि त्याच सीझनमध्ये, जानेवारीत, याच बिएल्साने डर्बीच्या प्रॅक्टिसवर माणूस पाठवून हेरगिरी केली होती, लीड्सला २ लाख पौंडांचा दंड झाला, तो त्याने स्वतःच्या खिशातून भरला. आणि अजून भारी, त्याच मॅचमध्ये, त्याच धक्काबुक्कीत, लीड्सचा पॅट्रिक बॅमफर्ड तोंड धरून असा कोसळला की जसं व्हिलाच्या एल गाझीने ठोसाच हाणला. एल गाझीला रेड! नंतर रिप्लेत दिसलं की लागलंच नव्हतं, रेड रद्द झालं आणि बॅमफर्डला रेफरीला फसवल्याबद्दल दोन मॅचची बंदी. म्हणजे फेअर प्लेचं अवॉर्ड मिळालेली मॅच आणि चीटिंगची शिक्षा झालेली मॅच एकच!!

स्मिता_अकोटा

अहो मग ते माझ्याच बाजूचं झालं की. तेच मैदान, तीच टीम, तीच पाच मिनिटं. चांगली टीम आणि वाईट टीम असं काही नसतंच, एका माणसाने सोंग घेतलं आणि दुसऱ्याने चूक निस्तरली. आणि बंदीमुळे बॅमफर्ड वर जाण्यासाठीच्या प्ले ऑफ सेमीफायनलची पहिली मॅच मुकला, लीड्स डर्बीकडून ४-३ ने बाहेर, म्हणजे ती लोळण पडली की महागात. वर गेली शेवटी व्हिला.

कोचीला_होतो

तुम्ही सगळे इंग्लंड इंग्लंड करताय, आपल्या घरात काय झालं ते विसरले का? मी तेव्हा नोकरीनिमित्त कोचीला होतो, केरळा ब्लास्टर्सचा पिवळा शर्ट अजून आहे कपाटात. ३ मार्च २०२३, बेंगळुरू, आयएसएल (इंडियन सुपर लीग) नॉकआउट, ०-० वर एक्स्ट्रा टाइम चालू, फ्री किक मिळाली, आमची वॉल (बॉलसमोर उभी राहणारी खेळाडूंची रांग) लागतेय, कीपर पोस्टपाशी उभा राहून माणसं हलवतोय, आणि बेंगळुरूच्या छेत्रीने मारून टाकली, गोल. रेफरीने दिला. कोच इवान वुकोमानोविचने सगळी टीम बाहेर काढली, परत आलेच नाहीत. मॅच बेंगळुरूला दिली, ब्लास्टर्सला ४ कोटींचा दंड आणि कोचला १० मॅचची बंदी, वर ५ लाख.

छेत्री मोठाच आहे, वाद नाही, पण देशाच्या कॅप्टनने असा गोल मारावा का? मला आजही पटत नाही. त्या रात्री आमच्या बिल्डिंगमधे कोणी जेवलं नाही.

वारसिया_११

भाऊ क्विक फ्री किक हा नियमात बसणारा भाग आहे, वॉल लावेपर्यंत थांबा असा कायदा नाही. बचाव करणाऱ्यांनी झोपायचं नाही. उलट मैदान सोडून जाणं हा जगातला सगळ्यात अनफेअर प्रकार. तिकीट काढून आलेल्या पब्लिकचं काय?

कोचीला_होतो

झोपले नव्हते हो, रेफरी तिथेच उभा होता!

शिट्टीवाला

त्या मॅचमधल्या रेफरीबद्दल मी बोलणार नाही, आमच्या बिरादरीतला आहे. नियम एवढाच की रेफरीने "माझ्या शिट्टीची वाट बघ" असं सांगितलं किंवा खूण केली की मग शिट्टीशिवाय किक घेता येत नाही, नसेल सांगितलं तर मोकळा. फ्री किक ज्याच्यावर फाउल झाला त्याच्या फायद्यासाठी असते, फाउल करणाऱ्याला वॉल बांधायला निवांत वेळ मिळावा म्हणून नसते. म्हणून अनुभवी प्लेअर सगळ्यात आधी रेफरीला विचारतो, "शिट्टीवर का?" आणि अनुभवी डिफेंडर बॉलसमोर जाऊन उभा राहतो. हे दुसरं मात्र येलो कार्डाचं काम आहे, पोरांना शिकवू नका.

ऑफसाइड_आजोबा

मला वाटतं इथे दोन वेगळ्या गोष्टी एकाच भांड्यात ढवळल्या जातायत. चलाखी वेगळी आणि लबाडी वेगळी. छेत्रीची चलाखी झाली, सगळ्यांच्या डोळ्यादेखत झाली. लबाडी म्हणजे जे रेफरीच्या पाठीमागे होतं. १९८६ ला मॅराडोनाने हाताने मारलेला तो लबाडीच, मग पुढच्या चार मिनिटांत त्याने अर्धी इंग्लंड टीम चकवून कितीही सुंदर गोल मारू दे. आणि १८ नोव्हेंबर २००९ ला फ्रान्सच्या तिएरी आन्रीने पॅरिसला आयर्लंडविरुद्ध बॉल हाताने थोपवून गालासला दिला, गोल झाला, आयर्लंड वर्ल्ड कपला मुकलं, ती तर उघड उघड लबाडी. मॅच संपल्यावर हाच आन्री आयर्लंडच्या रिचर्ड डनशेजारी मैदानात बसून कबूल करत होता. अरे मग तेव्हाच सांगायचं! पुढे २०१५ ला बाहेर आलं की फिफाने आयर्लंडच्या असोसिएशनला ५० लाख युरो दिले होते, प्रकरण कोर्टात जाऊ नये म्हणून. पैशाने काय ती पोरं वर्ल्ड कप खेळणारेत?

वारसिया_११

आजोबा मग उरुग्वेचा सुआरेझ कुठल्या खान्यात? २ जुलै २०१०, घानाविरुद्ध, १२० वं मिनिट, गोललाइनवर दोन्ही हातांनी बॉल अडवला. रेड मिळालं, पेनल्टी मिळाली, घानाच्या जियानने बारवर मारली, शूटआउटमध्ये उरुग्वे पुढे. लोक त्याला अजून चीटर म्हणतात, मी नाही म्हणत. त्याने लपवलं काय? सगळ्या जगाने बघितलं, शिक्षा झाली, भोगली.

ऑफसाइड_आजोबा

हं. लबाडी नाही, बरोबर आहे. पण मला घानाच्या पोरांची तोंडं आठवतात आणि मग तुमचा युक्तिवाद मनाला पोचत नाही.

पोलोग्राउंड_लेफ्टबॅक

सुआरेझवर वेगळा धागा काढा रे, इथे तीनशे प्रतिसाद होतील.

स्मिताताई, तुमचा मुद्दा डोक्यात बसलाय. पण मला सांगा, नाटक्याचं काय करायचं? कोचच नाटक शिकवत असेल तर? आमच्याकडे एक कोच आहेत (नाव नाही घेत), ते लीडवर असले की गोलकीपरला हळूच सांगतात "बूट की लेस".

शिट्टीवाला

कीपरचं सांगतो. आधी कीपरला बॉल हातात ६ सेकंद ठेवता यायचा, जास्त झालं तर इनडायरेक्ट फ्री किक, आणि ती कोणी द्यायचंच नाही कारण बॉक्समध्ये नुसता धिंगाणा. २०२५ पासून ८ सेकंद केलेत आणि शिक्षा म्हणून समोरच्यांना कॉर्नर. शेवटचे ५ सेकंद रेफरी हात वर करून बोटं मोजून दाखवतो. शिक्षा छोटी केली तर रेफरी ती द्यायला घाबरत नाही, मोठ्या शिक्षेपेक्षा हे जास्त चालतं असा माझा अनुभव.

लेसवाल्याला मी स्वतः बांधून देतो, जाऊन गुडघ्यावर बसतो. पुन्हा सुटत नाही.

नवलखी_नऊ_नंबर

हाहाहा लेस +१

मी जरा उलट टोकाचं बोलतो. नियमात फेअर प्ले घुसवला की त्याचाही खेळ होतो. २०१८ वर्ल्ड कप, जपान आणि सेनेगल, दोघांचे ४-४ पॉइंट, गोल सारखे, आपसातली मॅच २-२, मग येलो कार्डं मोजली, जपानची ४, सेनेगलची ६, जपान पुढे. आणि ते कसं? पोलंडकडून ०-१ हरत असताना शेवटची दहा मिनिटं जपान मागच्या मागे पास पास खेळत बसलं, कारण तिकडे कोलंबिया सेनेगलला हरवत होती हे त्यांना कळलं होतं. पोलंडलाही जिंकायचंच होतं, तेही आले नाहीत बॉल काढायला. पब्लिकने शिट्ट्या मारून मारून स्टेडियम डोक्यावर घेतलं. फेअर प्लेच्या नियमावर पुढे जाणाऱ्या टीमला हुर्यो!

स्मिता_अकोटा

आणि तीच टीम पुढे बेल्जियमकडून ३-२ हरल्यावर ड्रेसिंग रूम लख्ख झाडून, रशियन भाषेत थँक्यूची चिठ्ठी ठेवून गेली. म्हणून म्हणते माणसांवर लेबलं लावू नका.

रावपुरा_रेड्स

व्हीएआर (व्हिडिओ बघून रेफरीचे निर्णय तपासणं) आल्यावर या सगळ्याला अर्थ आहे का पण? लाझिओच्या मिरोस्लाव क्लोजाने २०१२ ला नापोलीविरुद्ध सुरुवातीलाच हाताने गोल केला, रेफरीने दिला, क्लोजा स्वतः जाऊन म्हणाला हात लागला, गोल रद्द. लाझिओ ती मॅच ०-३ हरली (मालदिनी, हीसुद्धा किंमत मोजलेली, नोंद घ्या, आणि ही लीग मॅच). आज तो बोलला नसता तरी व्हीएआरने पकडलंच असतं.

मांजलपूरचा_मालदिनी

नोंद घेतली.

पण जर्मन लोकांत पण दोन्ही प्रकार आहेत हां. २०१४ ला ब्रेमेनचा आरोन हुंट न्यूर्नबर्गविरुद्ध स्वतः डाइव्ह मारून पेनल्टी मिळवून मग उठून रेफरीला म्हणाला की फाउल नव्हता. हे तर क्लोजाच्या वरचं, कारण आधी स्वतःच पाप केलं होतं! आणि त्याच्या आधी काही महिनेच, ऑक्टोबर २०१३, लेव्हरकुझेनचा कीसलिंग, हेडर बाजूच्या जाळीला लागून भोकातून आत गेला, त्याने स्वतः डोकं धरलं होतं की चुकला म्हणून, आणि रेफरीने गोल दिल्यावर टीमबरोबर सेलिब्रेट. होफेनहाइम १-२ ने गेलं. परत मॅच पण नाही झाली.

व्हीएआरने पकडलं जातं ते मोठं मोठं. थ्रो कोणाचा, हे अजून प्लेअरलाच माहीत असतं. तिथे किती जण खरं बोलतात? सगळे एकसाथ हात वर. अगदी स्वतःच्या गुडघ्याला लागून गेला तरी.

वडोदरा_डॉक

धागा वाचून राहवलं नाही. मी डॉक्टर आहे, ऑर्थो नाही, पण आहे. लेफ्टबॅकदादा, "शिट्टी वाजेपर्यंत खेळा" हे पोरांना सरसकट शिकवू नका एवढीच विनंती. १२ जून २०२१, कोपनहेगन, डेन्मार्कचा एरिक्सन जवळ कोणीही नसताना कोसळला. रेफरी अँथनी टेलरने क्षणात खेळ थांबवला, कॅप्टन सिमॉन केअरने त्याला नीट सांभाळलं, टीमने त्याच्याभोवती तोंडं बाहेर करून कडं केलं, फिनलंडच्या लोकांनी आपले झेंडे आत दिले. पोरगा जगला आणि परत खेळलाही. ज्या पडण्यात कोणाचा धक्का लागलेला नाही, किंवा डोक्याला डोकं आदळलंय, तिथे बॉल कुठे आहे हा प्रश्नच नाही, सगळ्यांनी थांबायचं आणि ओरडायचं. घोटा धरून बसलेला आणि हे, यात फरक पंधरा वर्षाच्या पोराला शिकवता येतो. घोटेवाला ओरडत असतो. जो ओरडत नाही त्याच्याकडे आधी धावा.

पोलोग्राउंड_लेफ्टबॅक

डॉक, हे शेवटचं वाक्य मी रविवारी पोरांना वाचून दाखवणार. तर मग मी माझं थोडं बदलून मांडतो. डोकं किंवा धक्क्याशिवाय पडलेला, लगेच थांबा. बाकी सगळ्याला खेळ चालू, रेफरी बघेल. बॉल बाहेर काढलाच कोणी तर परत देणं कोचच्या माथी, नाही दिला तर कोचने गोल परत द्यायचा. आईबाप दोरीच्या मागे. यान्सनसारखा एखादा निघेलच मागे धावणारा, त्याला बदलून टाकू.

वारसिया_११

आमच्या मकरपुरा जीआयडीसी कंपनी लीगमध्ये आम्ही युरो २०२४ सारखं केलंय, रेफरीशी फक्त कॅप्टनने बोलायचं, बाकी कोणी जवळ गेला की येलो. अर्धी भांडणं तिथेच मिटली, खरंच सांगतो. एकच लोचा, आमच्या टीमचा कॅप्टन गोलकीपर आहे. तो तिकडून शंभर मीटर पळत येईपर्यंत निर्णय होऊन जातो, आणि इकडे आम्ही तोंड दाबून उभे. काय करायचं?

शिट्टीवाला

युरोला तेच झालं होतं, त्याची सोय आहे. कीपर कॅप्टन असेल तर मॅचच्या आधी मैदानातला एक प्लेअर ठरवून रेफरीला सांगायचा, त्याने बोलायचं. टॉसच्या वेळीच नाव देऊन टाका. आणि कृपा करून तुमच्या त्या स्टोअर्स डिपार्टमेंटवाल्या सेंटर हाफचं देऊ नका, गेल्या वेळी त्याने मला ऑफसाइड समजावून सांगितला होता.